कळस चढल्यानंतरची सेवा



सज्जनहो, मायबापहो, आजची सेवा एका साध्या प्रश्नावर आहे. देऊळ बांधून झाले, कळस चढला, महाप्रसाद झाला, मांडववाले मांडव सोडून घेऊन गेले. आता दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवळात पहिला झाडू कोण मारणार?

हसू नका, बरं का. बांधकाम चालू असताना गाव कसा असतो ते आठवा. कोणी वाळूची गाडी देतो, कोणी सिमेंटची पोती. माउल्या डोक्यावरून विटा वाहतात. जुनी भांडणे असतात, पण काम अर्धवट आहे म्हणून माणसे ती बाजूला ठेवतात. काम पुरे झाले की बाजूला ठेवलेले सगळे हळूच परत येते. म्हणून मी सांगतो, देवाच्या कामात पुढे झालेल्या माणसाची परीक्षा कुदळ मारताना होत नाही. कुदळ मारायला उत्साह पुरतो. परीक्षा कळसानंतर होते.

निरूपणाला आधार घेऊ संत बहिणाबाईंचा. शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबारायांच्या शिष्या. त्यांनी वारकरी संप्रदायाला इमारतीचे रूपक दिले, ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पाया ज्ञानोबारायांनी घातला, आवार नामदेवरायांनी वाढवले, खांब नाथांच्या भागवताचा आणि कळस तुकोबाराय. प्रत्येक कीर्तनात हे रूपक येते, आणि बहुतेक वेळा आपण कळसापाशी येऊन थांबतो. बहिणाबाई तिथे थांबत नाहीत. कळस सांगून झाल्यावर त्या म्हणतात, आता निवांत भजनाला बसा. पाहा महाराज, किती नेमके सांगितले! इमारत कशासाठी? भजनासाठी. कळस ही कामाची समाप्ती खरी, पण ज्यासाठी काम केले त्याची ती सुरुवात. आणि हे भजन निवांत चालावे म्हणून कोणीतरी जागे राहावे लागते. त्या जागण्याला मी आज सेवा म्हणतो.

ही सेवा पालीच्या किनाऱ्यावर झाली, तेव्हा समोर जे दिसत होते तोच दृष्टांत घेतला. पाली म्हटले की भाविकाच्या मनात बल्लाळेश्वर उभा राहतो. तो अष्टविनायकाचा गाव रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यात. हे पाली वेगळे, मीरा-भाईंदरचे, उत्तनला लागून असलेले, कोळी बांधवांचे. इथे किनाऱ्यावर नव्या होडीचे काम चालते ते वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. होडी बांधणारा सुतार मोठा कारागीर. लाकूड ओळखणे, फळीला फळी जोडणे, भेग बुजवणे, सगळी विद्या त्याच्या हातात. पण होडी पाण्यात लोटली, नारळ फुटला, की सुतार मागे सरतो आणि तांडेल पुढे येतो. होडी सुंदर आहे हे सांगायला तांडेल नको. वारा कधी फिरेल, जाळे कधी टाकायचे, खलाशी थकला का, हे ओळखायला तांडेल पाहिजे. आणि पावसाळा आला, मासेमारी बंद झाली, की होडी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, जाळी दुरुस्त करतात, तळ खरवडून पुन्हा रंगवतात. हे दरवर्षी. बांधून झाली म्हणून कोणी कोळी होडीला विसरत नाही. होडीला विसरला तर समुद्र त्याला आठवण करून देतो.

देवळाचे, धर्मशाळेचे, सभामंडपाचे असेच आहे. बांधणारा सुतार आणि चालवणारा तांडेल ही दोन कामे. कधी एकच माणूस दोन्ही करतो, पण तेव्हा त्याला आपला स्वभाव बदलावा लागतो. बांधताना जोर लागतो, आग्रह लागतो, थोडा हट्टही लागतो. चालवताना धीर लागतो. बांधतानाचा हट्ट ज्याने कळसानंतरही खाली ठेवला नाही, त्याने देऊळ बांधले आणि गाव मोडला.

घाटावरच्या एका गावात मी सप्ताहाला जात असे. गावाचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. तिथले देऊळ सहा वर्षे चालले होते. लोकांनी पीक विकून वर्गणी दिली. कळस बसला आणि देणगीदारांच्या पाटीवरून बोलाचाली झाली. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली. पाटी दोनदा बदलली. मग गाडी किल्लीवर आली. एका बाजूने कुलूप लावले, दुसऱ्या बाजूने त्यावर दुसरे लावले. कार्तिकात काकड्याला आलेली म्हातारी माणसे थंडीत पायरीवर बसून काकडा म्हणत आणि घरी जात. आत विठोबा उभा, बाहेर भक्त बसलेला, मध्ये दोन कुलपे. देऊळ नव्हते तेव्हा हीच माणसे पिंपळाखाली एकत्र बसून काकडा म्हणत होती हो!

तिथे मला कळले की कळसानंतर देवळाला तीन ठिकाणी कीड लागते. पाटी, किल्ली आणि वही. पाटी म्हणजे नाव, किल्ली म्हणजे सत्ता, वही म्हणजे पैसा. या तिघांवरून ज्याचा हात सुटला नाही, त्याने आयुष्यभर टाळ कुटले तरी तो देवळाचा मालक झाला, सेवक राहिला नाही.

पण थांबा. याच्या उलटही एक चूक आहे, आणि ती पुष्कळदा भक्तीसारखी दिसते. काही माणसे कळस झाला की हात झटकतात. "आमचं काम झालं, आता देव बघेल." देव बघतोच, पण देव दिव्यात तेल घालत नाही, माउली. पाण्याच्या टाकीत कोण उतरणार? अंधारी पायरी म्हाताऱ्याला दिसत नाही, तिथे दिवा कोण लावणार? पुजाऱ्याच्या घरी दोन महिने मानधन गेले नाही, हे कोणाला माहीत? म्हणून आजच्या निरूपणाचे सूत्र असे धरा: मालकी सोडायची, काळजी सोडायची नाही. धरून बसणारा मालकी सोडत नाही. हात झटकणारा काळजीही सोडतो. देवाचा माणूस मालकी सोडतो आणि काळजी वाढवतो.

आता याला दाखले पाहू. पहिला दाखला पालीच्या दारातलाच आहे. चौकच्या बाजूला धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने या धारावीसाठी झुंज दिली. १७३७ मध्ये सुरू झालेली ती मोहीम मे १७३९ मध्ये वसई शरण आली तेव्हा संपली. मराठ्यांची माणसे किती पडली, याचा विचार केला तर विजयाच्या दिवशी मनात राग केवढा असेल! हजारो लोकांनी मिळून जीव लावून पुरे केलेले ते काम. आणि काम पुरे झाल्यावर अप्पांनी काय केले? शरण आलेल्या पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह, सन्मानाने जाऊ दिले. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक, हे तहात लिहून दिले. वसईच्या विजयात मिळालेल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. भीमाशंकरला गेलात तर अशी घंटा पाहायला मिळते. पण तहाचे हे कलमही तितक्याच अभिमानाने सांगितले पाहिजे. जिंकल्यावर हात आवरणे ही जिंकण्यापेक्षा अवघड गोष्ट. आज या किनाऱ्यावर टाळ वाजतो आणि शेजारी चर्चची घंटाही वाजते, कोणी कोणाला उठवत नाही. डिसेंबर १७४० मध्ये अप्पा गेले. विजयानंतर त्यांना दीड वर्षच मिळाले. कळसानंतर वेळ किती मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून नीट वागायचे ते पहिल्या दिवसापासून.

दुसरा दाखला पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य पाहिले. काशी विश्वेश्वराचे आजचे देऊळ १७८० च्या सुमारास त्यांनी उभे केले. सोमनाथ, गया, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, कुठे देऊळ, कुठे घाट, कुठे वाडा, कुठे बारव. हे सगळे आपण मोजतो. पण माझे मन दुसऱ्याच गोष्टीवर बसते. त्यांनी बांधले तिथे पुढची नेमणूक करून ठेवली. पूजा कोणी करायची, अन्नछत्र कशावर चालायचे, दूरदूरच्या देवळांना गंगेची कावड दरवर्षी कशी पोचायची, याची व्यवस्था लावली. आणि धर्मकार्याचा हा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला. राजाला दगड उभा करणे जमते हो! दिव्याच्या तेलाचा विचार आई करते. बांधताना डोळ्यांपुढे उद्घाटनाचा दिवस असला तर दगड उभा राहतो. पन्नास वर्षांनंतरची अंधारी संध्याकाळ डोळ्यांपुढे असली तर नंदादीप उभा राहतो.

राणीकडे खजिना होता, असे तुम्ही म्हणाल. "महाराज, आमच्याकडे काय आहे?" म्हणून आता आख्यानाला अशा माणसाकडे जाऊ ज्याच्याकडे काहीच नव्हते. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर खापर.

बोला पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परिटाचे घर. वडील लवकर गेले, मामाकडे गुरे राखली, शेती केली. १९०५ मध्ये घर सोडले आणि जगाने त्यांना गाडगेबाबा म्हटले. शाळा नाही, पोथी नाही. आळंदीला आम्ही वारकरी शिक्षण संस्थेत चार-चार वर्षे पाठांतर करून जे शिकतो, ते या माणसाने झाडू मारता मारता ओळखले. गावात शिरायचे, न सांगता गटारे झाडायची, रस्ते झाडायचे, आणि रात्री त्याच स्वच्छ जागेत कीर्तन. लोकांना प्रश्न विचारायचा, लोकांकडून उत्तर काढायचे. शेवटी गोपाळाच्या नावाचा गजर.

पहिले मोठे काम ऋणमोचनला, पूर्णा नदीवर. यात्रेकरू चिखलातून घसरत नदीत उतरत, म्हणून तिथे घाट. मग एकेक करत नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, मूर्तिजापूर, धर्मशाळा, अन्नछत्रे, गोरक्षण, पुढे शाळा आणि वसतिगृहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आठवा. अस्पृश्य म्हणून ज्यांना कोणी ओसरीवर टेकू देत नव्हते, त्यांनी वारीला आल्यावर निजायचे कुठे, या एका काळजीतून ती उभी राहिली.

लोक लाखांनी पैसा देत होते. आता मी तुम्हाला विचारतो, तसेच बाबा विचारत तसे: एवढ्या इमारती बांधणारा माणूस झोपायचा कुठे? आपण बांधलेल्या धर्मशाळेत गादीवर? नाही. झाडाखाली, ओट्यावर, जागा मिळेल तिथे. त्यांची बायको-मुले राहायची कुठे? झोपडीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. या संस्थांच्या मालमत्तेवर बाबांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा कसलाही हक्क नाही, हा त्या जीवनाचा कणा. घरच्या माणसांनाही धर्मशाळेचे अन्न फुकट नाही. आमच्यासारख्या प्रपंची माणसाला हे कठोर वाटते. पण विचार करा, त्यांनी एकदा आपल्या लेकरासाठी दार उघडले असते, तर उद्या ट्रस्टीने आपल्या मेहुण्यासाठी उघडले असते. पुढाऱ्याच्या घरासाठी उघडलेली फट पुढच्या पिढीत दरवाजा होते.

मग बाबांनी काळजी सोडली का? मुळीच नाही. जातील तिथे आधी खराटा. लोक पाया पडायला धावले तर काठी उगारायचे. आपण कोणाचे गुरू नाही, आपला कोणी शिष्य नाही, हे कीर्तनातून पुन्हा पुन्हा सांगायचे. का बरे? शिष्य झाला की तो बाबांचा होतो. बाबांना माणसे कामाची करायची होती. पंढरपुरात यात्रा भरली की लाखो लोक विठोबाकडे धावत, आणि बाबा वाळवंट झाडत राहत. ज्याने धर्मशाळा बांधल्या तो झाडतो आहे म्हटल्यावर, दुसऱ्याला झाडू हातात घ्यायची लाज उरते का?

आणि त्यांनी दिले कसे, ते पाहा. ती चोखामेळा धर्मशाळा, पंढरपुरातली मोक्याची वास्तू, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. यात्रेकरूंसाठी बांधलेले घर मुलांच्या शिक्षणासाठी दिले. आपण म्हटले असते, "आमच्या नावाने चालवा, आमचा फोटो लावा, आमचे दोन सभासद घ्या." बाबांनी पाहिले की ज्यांच्यासाठी हे बांधले त्यांच्या लेकरांना आता शाळेची गरज आहे. इमारत तीच, दगड तेच, गरज बदलली तर दार दुसरीकडे उघडले. स्वतःच्या हाताने बांधलेल्या गोष्टीचा उपयोग दुसऱ्याला ठरवू देणे, याला मन केवढे लागते!

वय झाले, शरीर थकले. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि विखुरलेल्या संस्थांचा कारभार पाहायला एक घर तयार झाले. आपल्यामागे काम चालावे याची सोय डोळ्यांदेखत करून ठेवली. मुंबईत वांद्र्याला ८ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच देह ठेवला. जाताना अंगावर काय होते? ज्या चिंध्यांनी घर सोडले त्याच जातीच्या चिंध्या. लाखोंची वास्तू, आणि मालक शोधायला गेलात तर सापडत नाही!

आजही पालीहून, भाईंदरहून आपण रुग्ण घेऊन मुंबईला जातो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी खेड्यापाड्यांतून आलेली कॅन्सरची माणसे आणि त्यांचे नातलग तिथे राहतात. बाबांना जाऊन कितीतरी वर्षे लोटली. तिथे चादर धुणारा, वरण वाढणारा माणूस त्यांना कधी भेटलेला नाही. तरी चादर धुतली जाते. हे कळसानंतरचे भजन, सज्जनहो.

आता वाचकहो, हे पुस्तक तुम्ही हातात धरले आहे म्हणजे तुमच्या गावातही काहीतरी नुकतेच पुरे झाले असेल किंवा होत असेल. देऊळ, दिंडीची जागा, पाणपोई, समाजमंदिर. चार गोष्टी गाठीला बांधून घ्या.

पहिली गोष्ट वहीची. कळस झाल्यानंतरच्या पहिल्या एकादशीला जमाखर्च देवासमोर मोठ्याने वाचा. पाच रुपये देणाऱ्या म्हातारीलाही ऐकू गेला पाहिजे. हिशेब विचारणाऱ्यावर रागावू नका. तो विचारतो म्हणजे त्याला देऊळ आपले वाटते.

दुसरी गोष्ट किल्लीची. किल्ली मोठ्या माणसाकडे देऊ नका, पहाटे उठणाऱ्या माणसाकडे द्या. ज्याचे घर देवळाजवळ आहे, जो शब्दाचा खरा आहे, ज्याला देवाची भीती आणि माणसाची लाज आहे, असा शोधा. तो गरीब असेल, त्याचे नाव पाटीवर नसेल. एकट्यावर टाकू नका, जोडीला दुसरा द्या, आणि ठरावीक काळाने सेवा बदला.

तिसरी गोष्ट पाटीची. दात्यांची नावे लिहा, त्यात पाप नाही. पण पाया खणताना ज्याच्या पायावर दगड पडला त्या गवंड्याचे नाव, रोज चहा करून आणणाऱ्या सुनेचे नाव तुमच्या तोंडात राहू द्या. पाटीवरचे नाव पावसाने पुसते. तोंडातले नाव लेकरे पुढे नेतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. ज्याने पुढाकार घेतला त्याने एक दिवस तरुणांना जवळ बोलवावे आणि म्हणावे, "पोरांनो, आता तुम्ही बघा." पोरे चुकतील. दिवा उशिरा लावतील, सप्ताहाचा मांडव वाकडा घालतील. त्यांना सर्वांसमोर बोलू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मांडवाचा खांब मुकाट्याने सरळ करा. वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये आळंदीला जोग महाराजांनी सुरू केली, आणि १९२० मध्ये महाराज गेले. अवघी तीन वर्षे! तरी शंभर वर्षांच्या वर तिथली पोरे मृदंग वाजवताहेत, ज्ञानेश्वरी पाठ करताहेत. कारण महाराजांनी विद्यार्थी घडवले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला.

माउली, प्रपंचालाही हेच लागू आहे. घर बांधून झाले, मुलांची लग्ने झाली, की आपण किल्ल्यांचा जुडगा कमरेला आवळतो, नाहीतर रुसून कोपऱ्यात बसतो. दोन्ही नको. जुडगा सुनेच्या हाती द्यावा, आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लागला का, एवढे पाहावे. लागला नसेल तर आपण लावावा. बोलू नये.

विठोबा अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे असे आपण म्हणतो. एवढे मोठे देऊळ त्याचे, पण त्याचा हात कशावर आहे? स्वतःच्या कमरेवर.  आणि डोळे भक्ताच्या वाटेकडे लागलेले आहेत. ज्याच्या नावाने आपण बांधले, त्याच्यासारखे थोडेसे तरी व्हावे. हात कमरेवर, लक्ष भक्तावर.

तेव्हा उद्या पहाटे जो या आवारात पहिला झाडू मारील, तो आजच्या कीर्तनाचा धनी. त्याच्या पायाशी ही सेवा ठेवतो आणि माउलींनी विश्वासाठी मागितलेल्या प्रसादाचे स्मरण करून थांबतो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!